तरमीनचा क्रूस पायीच जातो

एर्सिलिया मोरासुतने एकतीस वर्षं पत्रं वाटली, तीही पायी. डोंगरात गाडीरस्ता आला तेव्हा पोस्टाने तिला स्कूटर देऊ केली होती. तिने ती दोन दिवस चालवली आणि तिसऱ्या दिवशी परत नेऊन दिली. "ही पायऱ्या चढत नाही," एवढंच तिने साहेबांना सांगितलं. आमच्या उत्तर इटलीतल्या कार्निआच्या डोंगरात घरं काही रस्त्याला विचारून बांधलेली नाहीत, त्यामुळे साहेबांनीही स्कूटर परत घेतली.

तिची आणखी एक सवय होती. चाळीस पायऱ्या चढून एक पोस्टकार्ड द्यायचं तिच्या जिवावर यायचं, म्हणून ती खालूनच त्या घराच्या नावाने हाक मारायची. हाक अशी, की समोरच्या उतारावर गवत कापणारा माणूसही विळा थांबवून बघायचा. तिच्या नवऱ्याने, आत्तिलिओने, म्हणे ती हाक ऐकूनच लग्न ठरवलं. पुढे तो बोगद्यांच्या कामाला स्वित्झर्लंडला गेला, वर्षातून दोन महिने घरी येत राहिला आणि साठीच्या आत छातीच्या दुखण्याने गेला. एर्सिलियाने रडणं चार भिंतींच्या आत केलं आणि आठव्या दिवशी पत्रांची पिशवी खांद्याला लावली. गावात काही बायकांना ते आवडलं नाही. त्या बायकांची पत्रंही तिनेच वेळेवर पोचवली.

तिचं गाव तरमीन. एके काळी तिथे दोनशे माणसं होती. आधी शाळा गेली, मग चीज करायची सामाईक डेअरी गेली, मग पोस्ट गेलं. पोस्टाला कुलूप एर्सिलियानेच लावलं, कारण किल्ली तिच्याकडेच होती. त्यानंतर वरून कागद आला की यापुढे पत्त्यावर खालच्या लुगन गावाचं नाव घालावं, तरमीन लिहायची गरज नाही. त्या दिवशी ती पहिल्यांदा खऱ्या अर्थाने चिडली. शाळा गेली तेव्हा मुलंच नव्हती, डेअरी गेली तेव्हा गाईच नव्हत्या, ते एक वेळ समजता येत होतं. पण सात माणसं राहत असताना गावाचं नाव कसं काय काढता, हे तिला कोणीच नीट सांगू शकलं नाही.

आता तरमीनचं नाव मोठ्याने घेतलं जायची एकच जागा उरली होती, ती म्हणजे सान व्हितोच्या टेकडीवरचं थोरलं चर्च. दर वर्षी मे महिन्यात, स्वर्गारोहणाच्या रविवारी, खोऱ्यातल्या सगळ्या गावांचे क्रूस पायी चालत तिथे येतात. प्रत्येक क्रूसावर त्या गावच्या नवऱ्या मुलींनी लग्नाच्या वर्षी बांधलेल्या रिबिनी असतात. चर्चपुढच्या कुरणात फादर गावांची नावं पुकारतात, सगळ्यात जुनं गाव आधी. क्रूस धरणारा "आहे!" म्हणतो, पुढे येतो आणि आपला क्रूस झुकवून थोरल्या चर्चच्या क्रूसाला टेकवतो. आम्ही त्या टेकवण्याला पापा घेणं म्हणतो. लेकरू वर्षातून एकदा आईला भेटून जातं, तसलं ते.

तरमीनचा क्रूस अडतीस वर्षं रीनोने वाहिला. रीनो गेला त्या वर्षी क्रूस आला नाही. पुढच्या वर्षी कोणाच्या तरी भाच्याने तो व्हॅनमध्ये घालून वर आणला, पण गाडीतून आलेला क्रूस हिशेबात धरत नाहीत. नियम जुना आहे: सलग तीन वर्षं क्रूस पायी आला नाही, तर गावाचं नाव यादीतून निघतं.

फेब्रुवारीत, गुडघाभर बर्फातून, एर्सिलिया फादर सिल्व्हानोंकडे गेली.

"फादर, यंदा आमचा क्रूस येणार."

"कोण आणणार, एर्सिलियाबाई? क्रूस सांभाळणाऱ्या पिएरीच्या दोन्ही खुब्यांची ऑपरेशनं झालीत."

"मी."

फादरांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, फक्त कोणाला नाही म्हणायची वेळ आली की चष्मा पुसायचा. "चार तासांची चढण आहे. पुरुष चौघं मिळून आळीपाळीने आणायचे. तुमचं वय..."

"बहात्तर. नियमात वय लिहिलंय का?"

"नाही."

"बाई नको, असं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही," फादर म्हणाले. "तशी वेळ कधी आली नाही. फक्त एक लक्षात घ्या. कुरणाच्या खाली लिंडनचं झाड आहे ना, तिथून पुढे क्रूस उभा असला पाहिजे. त्याच्या आधी कसाही आणा."

"कसाही?"

"पायी, पण कसाही."

झालं, तिला हवं ते मिळालं. घरी येऊन तिने माळ्यावरून आईची गेर्ला काढली, म्हणजे आमच्या बायका पाठीवर बांधतात ती वेताची उंच टोपली. एर्सिलियाने ती सहाव्या वर्षी पहिल्यांदा पाठीला लावली होती आणि तिच्या मते तिच्या खांद्यांचा आकार त्या टोपलीनेच ठरवला. पट्टे कुजले होते. तिने नवे विणले, तीन पदरी, आई विणायची तसे.

मग ती नदीतले गोटे टोपलीत भरून गावाबाहेरची चढण चढायला लागली. पहिल्या दिवशी चार किलो, मार्चमध्ये आठ, एप्रिलमध्ये चौदा. डावा गुडघा कुरकुरायचा. ती त्याला शिव्या घालायची, पण थांबवायची नाही. कारंज्यापाशी बाकावर पिएरी बसलेला असायचा. दोघं शाळेत एकाच बाकावर होती, त्यामुळे एकमेकांची भीड अशी नव्हतीच.

"काय गं, घर बांधतेयस का?"

"तुझं थडगं. उंचीला किती हवंय सांग."

"उदीनेहून तुझ्या नीवेसचा फोन आला होता मला. म्हणाली, आईला समजवा."

"मग समजवलंस?"

"हे काय, समजवतोय ना," पिएरी म्हणाला आणि काठीने जमिनीवर रेघा ओढत बसला.

क्रूस ठेवलेल्या छोट्या चर्चची किल्ली पिएरीकडे होती. रीनोनंतर सगळं त्याच्याकडे आलं होतं. मे उजाडला तसं एर्सिलियाने किल्ली मागितली, आणि तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली.

"हे बघ," पिएरी म्हणाला, "बायका क्रूस उचलत नाहीत. रिबिनी बांधा, चांदी घासा, कोण अडवतंय? पण उचलायचं काम पुरुषाचं."

"बरोबर आहे. बायका गवत उचलतात, लाकडं उचलतात, शेण उचलतात. या चर्चचे दगड नदीतून कोणी आणले रे? तुझ्या आजीने आणि माझ्या आजीने, याच टोपलीतून. तेव्हा तुझा आजोबा कुठे होता?"

"ऑस्ट्रियात. कामाला."

"दुसऱ्याची भिंत बांधत होता. मग? मला पुरुष आणून दे, मी घरी बसते. सात माणसांत कोण आहे, दाखव."

शनिवारी संध्याकाळी पिएरीने चर्च उघडलं. "तिकडे तोंड कर," तो म्हणाला, कारण क्रूस सुटा करायचं काम पुरुषांनी आतल्या खोलीत करायचं, अशी पद्धत होती. पन्नास वर्षं तो क्रूस घासणारी एर्सिलिया निमूटपणे दाराकडे तोंड करून उभी राहिली. लाकडावर काहीतरी ठोकल्याचा आवाज झाला. मग पिएरीने तिला दोन गोष्टी दिल्या: पांढऱ्या कापडात गुंडाळलेला, रिबिनींनी भरलेला चांदीचा क्रूस, आणि त्याचा उंच दांडा. तिने क्रूस गेर्लात ठेवला, वर भाकरीसारखा थापलेला चीज-बटाट्याचा फ्रीको ठेवला. दांडा काठी म्हणून हातात घ्यायचा होता.

पहाटे पाचला ती निघाली. अजून थंडी होती, वरच्या सुळक्यांवर बर्फ होतं आणि लार्चच्या झाडांना कोवळे गोंडे फुटले होते. तरमीनहून निघणारी वाट आता भटक्यांच्या नकाशात आहे, दगडांवर लाल-पांढरे पट्टे आहेत. उन्हाळ्यात परदेशी लोक दोन दोन काठ्या घेऊन येतात आणि एर्सिलियाला विचारतात, ही वाट अवघड आहे का? ती सांगते, पत्रं घेऊन जायला नाही.

पाऊण तासावर घळ लागते. तिथे लाकडी पूल होता, एप्रिलमध्ये आलेली दरड तो घेऊन गेली. नगरपालिकेने दोरी लावून पाटी लटकवली होती: वाट बंद. हे तिला माहीत होतं आणि त्याचा हिशेब तिने करून ठेवला होता. घळीच्या वरून गवताच्या मोळ्या खाली सोडायची जुनी घसरण आहे, ती पट्ट्यांनी रंगवलेली नाही, नकाशातही नाही. एर्सिलियाचा बाप त्या घसरणीवरून मोळ्या सोडायचा. ती दोरीखालून वाकून गेली आणि वर चढायला लागली.

हिशेब थोडा चुकला. घसरणीवर चाळीस वर्षांत हेझलची झुडपं माजली होती. दांडा फांद्यांत अडकायचा, टोपली मागे ओढायची. एका ठिकाणी तिला हातापायांवर रांगत जावं लागलं. डावा गुडघा एका कातळावर आपटला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती तशीच बसून राहिली. खाली दरी होती, वर झुडपं होती, घड्याळात साडेसात वाजले होते. इथे मेलीस तर पिएरी बरोबर ठरेल, असं तिने स्वतःला मोठ्याने सांगितलं. हे सांगितल्यावर उठणं भाग होतं. तिने डोक्याचा रुमाल सोडून गुडघ्याला करकचून बांधला आणि ती उठली.

घळ ओलांडून ती तिठ्यावर आली तेव्हा नऊ वाजून गेले होते. लुगनची वाट तिथे येऊन मिळते. तरमीन जुनं गाव, म्हणून तिठ्यावरून आधी तरमीनचा क्रूस जायचा. लुगनचे लोक तिठ्यावरच्या मूर्तीच्या कोनाड्यावर ऊन येईपर्यंत थांबायचे आणि मग निघायचे. ऊन कधीच येऊन गेलं होतं. लुगनची माणसं पुढे गेली होती. पण त्यांचा क्रूस धरणारा जिनेझिओ एकटाच दगडावर बसून राहिला होता. तो पन्नाशीचा होता, पण एर्सिलियाच्या लेखी अजून निळ्या पाकिटांची वाट बघत दारात उभा असणारा पोरगाच.

"मावशी! अहो, काय अवतार झालाय! रक्त येतंय."

"गुडघ्याचं आहे, क्रूसाचं नाही. तू का थांबलास?"

"तुम्हाला सोडून कसा जाऊ? इकडे द्या ती टोपली." एर्सिलिया मागे सरकली, तसा तो ओशाळला. "बरं, राहू द्या. पण माझं ऐका. तुमच्या रिबिनी आमच्या क्रूसाला बांधू. तरमीनचं नाव पुकारलं की मीच 'आहे' म्हणतो, मग लुगनचं पुकारलं की परत म्हणतो. फादर काही बोलणार नाहीत. कोणाचंच नुकसान नाही."

तो मनापासून बोलत होता, हेच जास्त वाईट होतं. पोस्टाच्या कागदातही असंच गोड लिहिलेलं होतं: कोणाचीही गैरसोय होणार नाही. क्षणभर एर्सिलियाला वाटलं की द्यावी टोपली आणि बसावं इथेच या दगडावर, चार मोळ्यांचं ओझं उतरल्यासारखं.

"जिनेझिओ, तुला पोन्तेब्बाहून पत्रं यायची. निळी पाकिटं."

"अहो मावशी, आत्ता ते काय..."

"एकदा तुझा भाऊ म्हणाला, माझ्याकडे द्या, मी देतो. कोणाचंच नुकसान नव्हतं. मी दिलं का त्याच्याकडे?"

जिनेझिओ लाल झाला आणि मग हसला. निळ्या पाकिटांची मुलगी पुढे त्याची बायको झाली होती. "नाही दिलंत."

"ज्याचं त्याच्या हातात. शाळा तुमच्यात घातली, पोस्ट तुमच्यात घातलं, आम्ही काही बोललो नाही. नाव नाही घालणार. पळ आता, तुझा क्रूस कोण धरेल?"

"फादरांना जरा सावकाश पुकारायला सांगू?"

"खबरदार! नेहमीसारखं पुकारू दे."

तो पळत गेला. एर्सिलिया तिच्या चालीने चालत राहिली. पोस्टाची चाल म्हणजे चढाला आणि सपाटीला एकच वेग, थांबायचं नाही आणि धावायचंही नाही. गुडघा प्रत्येक पावलाला ओरडत होता. फ्रीको तिने चालताचालता खाल्ला.

ती लिंडनच्या झाडाखाली पोचली तेव्हा वर घंटा सुरू झाली होती. अकरा वाजले होते. कुरणाच्या दगडी बांधाआड माणसांचा आवाज येत होता. तिने गेर्ला उतरवली, कापड सोडलं, क्रूस दांड्याच्या टोकावर बसवला आणि उचलला. क्रूस गर्रकन फिरला आणि बाजूला कलंडला. तिने तो हाताने झेलला म्हणून वाचला.

परत बसवला, परत फिरला. मग तिने नीट पाहिलं. दांड्याच्या टोकाला आरपार भोक होतं आणि क्रूसाच्या खोबणीलाही तसंच भोक होतं. त्यातून जायला काहीतरी हवं होतं, एक खुंटी. अशी खुंटी असते हेच तिला माहीत नव्हतं, कारण पन्नास वर्षांत ती तिने कधी पाहिलीच नव्हती. ती वाहणाऱ्याच्या खिशात असते. रीनोच्या खिशात होती, आता पिएरीच्या असणार. दाराकडे तोंड करून ऐकलेला तो ठोकल्याचा आवाज तिला आठवला, आणि दाराकडे तोंड केल्याबद्दल तिला स्वतःचाच संताप आला.

बांधाआडून फादरांचा आवाज आला. पहिलं नाव पुकारलं गेलं. कोणीतरी "आहे!" म्हणालं.

तरमीनचं नाव चौथं होतं. तिने लिंडनची डहाळी तोडून भोकात घातली, ती ओली डहाळी पटकन मोडली. दुसरी मोडली. दुसरं नाव झालं. मग तिचं लक्ष रिबिनींकडे गेलं. तिने तिची स्वतःची सोडली, निळी, त्र्याहत्तर सालची. ती एकटीच घट्ट ओढली तर रेशीम विरायला लागलं. मग तिने आईची सोडली, पिवळी पडलेली, आणि रीनोच्या बायकोची लाल. तिन्ही घेऊन ती गेर्लाच्या पट्ट्यासारखी वीण घालायला बसली. वीण बोटांना पाठ होती. तीन पदर, मग गाठ, मग भोकातून आरपार, क्रूसाच्या दोन्ही हातांवरून फेर आणि परत भोकातून. तिसरं नाव झालं. दातांनी शेवटची गाठ ओढताना तिच्या तोंडात जुन्या कापडाची आणि धुपाची चव आली.

"तरमीन!" फादरांनी पुकारलं.

ती उठायला गेली आणि गुडघा वळलाच नाही.

"तरमीन!"

तिसऱ्या हाकेनंतर पुढचं नाव घेतात. एर्सिलियाने दांडा जमिनीत रोवला, त्याला धरून स्वतःला वर ओढलं आणि छातीत मावेल तेवढी हवा भरून घेतली.

"तरमी..."

"आहे!"

ती हाक बांधावरून, माणसांवरून, चर्चच्या भिंतीवर जाऊन आपटली. कितीतरी म्हाताऱ्यांनी सवयीने दारात यावं तशी मान वळवली. बांधावर आधी क्रूस दिसला, वाऱ्यात उडणाऱ्या रिबिनींसकट, आणि मग त्याच्याखाली लंगडत येणारी, विस्कटलेल्या पांढऱ्या केसांची बाई. रिकामी गेर्ला लिंडनखालीच राहिली होती, ती पाठीला लावायला वेळ नव्हता. जिनेझिओने टोपी काढली. त्याचं बघून लुगनच्या सगळ्यांनी काढली.

थोरल्या क्रूसापुढे ती उभी राहिली आणि तिने दांडा झुकवला. वीण करकरली. क्रूस जरासा हलला, पण फिरला नाही. चांदी चांदीला टेकली. एर्सिलियाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे तिने ते येऊ दिलं.

मागे सरकली तेव्हा तिला पिएरी दिसला. काठीवर रेलून, नीवेसशेजारी उभा. तीच त्याला गाडीतून घेऊन आली असणार. तो पुढे आला आणि त्याने मूठ उघडली. बोटाएवढी, हाताळून काळी झालेली लाकडाची खुंटी.

"विसरला होतास?" एर्सिलियाने विचारलं.

"नाही," पिएरी म्हणाला. त्याने मान वर केली नाही. "दिली नव्हती. म्हटलं, वरपर्यंत काही पोचत नाहीस."

एर्सिलियाला राग आला आणि तिने तो लपवला नाही. पिएरीही हलला नाही, बोलून घेऊ दे म्हणून उभा राहिला. शेवटी ती म्हणाली, "मग आता कशाला आणलीस?"

"रात्रभर टोचत होती खिशात."

त्याने हात तसाच पुढे धरला होता. तिने खुंटी घेतली. क्रूसाला लावली नाही, रिबिनींची वीण तिने सोडलीच नाही. खुंटी तिने स्वतःच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं. पिएरीने ते बघितलं आणि हळूच मान हलवली.

"आई, चल आता," नीवेस म्हणाली. तिचा आवाज रडका झाला होता. "गुडघा बघ तुझा. गाडी खाली आहे, क्रूस मागच्या सीटवर ठेवू."

"परतीचा क्रूसही पायीच जातो," एर्सिलिया म्हणाली. ती गवतावर बसून रुमाल नव्याने बांधायला लागली होती. "मी जेवते आणि निघते. लुगनचे तिठ्यापर्यंत आहेत सोबतीला, आणि यावेळी पुढे मी चालणार. तू पिएरीला गाडीने घेऊन जा. आणि पिएरी, पोचलास की चर्चचं दार उघडून ठेव."